पोटातला पीक लोड

आपल्या होस्टेलमध्ये सध्या दोनच प्रकारची माणसं राहतात. एक, जी मोबाइलवर कॅलरी मोजतात, आणि दुसरी, जी पहिल्यांच्या डब्यात हात घालतात! पहिल्यांना एक कोडं रोज पडतं. सकाळी नाश्ता टाळला तरी काही वाटत नाही. दुपारी भातसुद्धा मोजून खाल्ला जातो. मग साडेपाचला प्रॅक्टिकल संपवून गेटबाहेर आलं की टपरीवरच्या आलुबोंड्यासमोर सगळा निश्चय कसा काय विरघळतो? माझी रूममेट म्हणते, "माझ्यात विल पॉवरच नाहीये गं." मी इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी असल्यामुळे मला पॉवर म्हटलं की आधी युनिट विचारावंसं वाटतं. म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं अडखळतं, सांभाळून घ्या. वॅट आणि ज्यूल मात्र सगळीकडे सारखेच.)

तर आधी हिशोब. खाण्याच्या बाबतीत आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते, म्हणजे ४१८४ ज्यूल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिले, त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला २११० किलोकॅलरी लागतात असं म्हटलंय. १६६० ला ४१८४ ने गुणा आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं ८० वॅट. म्हणजे लेक्चरला शेवटच्या बाकावर बसलेली मुलगी हा चोवीस तास जळणारा ८० वॅटचा बल्ब आहे! तुलनेसाठी सांगते, कष्टाचं काम करणाऱ्या बाईसाठी हाच आकडा २७२० आहे, म्हणजे जवळजवळ १३० वॅट. आपल्या भंडाऱ्यात पावसाळ्यात दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बायका बघितल्या की हा आकडा मला कमीच वाटतो.

आता आमच्या होस्टेलमध्ये फॅशन आहे १२०० ची. १२०० किलोकॅलरी म्हणजे ५८ वॅट. लोड ८० चा, सप्लाय ५८ चा. उरलेले २२ वॅट बॅटरीतून, म्हणजे साठवलेल्या चरबीतून यावेत अशी अपेक्षा. कागदावर हे सुरेख दिसतं. पण कुठल्याही वीज कंपनीतला माणूस तुम्हाला विचारेल की सरासरी राहू द्या, तुमचा लोड कर्व्ह कसा आहे?

गंमत इथेच आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत फ्रँक शीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना १३ दिवस मंद उजेडाच्या खोल्यांत ठेवलं. बाहेर दिवस आहे की रात्र हे त्यांना कळू दिलं नाही आणि झोपेच्या-जेवणाच्या वेळा मुद्दाम सरकवत नेल्या. तरीही शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे भूक सगळ्यात कमी सकाळी आठच्या सुमाराला आणि सगळ्यात जास्त रात्री आठच्या सुमाराला लागत होती. आधी काय खाल्लं यावर ते अवलंबून नव्हतं. म्हणजे सकाळी नाश्ता टाळण्यात काही पराक्रम नाही, तेव्हा डिमांडच कमी असते. आणि संध्याकाळी भूक लागण्यात काही लाजिरवाणंही नाही, तो पीक लोड आहे. अख्ख्या महाराष्ट्राचा लोडसुद्धा संध्याकाळी दिवे लागले की वर जातो. त्यासाठी आपल्या कोराडीसारखी औष्णिक केंद्रं दिवसभर चालू ठेवून वर कोयनेचं पाणी पीकच्या वेळेसाठी राखून ठेवतात. आपण काय करतो? ऐन पीकला लोडशेडिंग!

त्यात आपल्या मेसचं टाइमटेबल. बारा वाजता भात-वरण, त्यानंतर थेट साडेआठ. पांढरा भात आणि पातळ वरण तीन-चार तासांत पोटातून पुढे सरकतं. घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन आहे (१९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं), ते जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी रक्तात वाढतं. म्हणजे साडेपाच ते साडेआठ हे तीन तास शरीर प्रामाणिकपणे अलार्म वाजवत असतं आणि आपण चहावर चहा ओततो. दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या चहाचे तीन कप म्हणजे दोन-अडीचशे किलोकॅलरी सहज गेल्या, पोट रिकामं ते रिकामंच.

पण रूममेटच्या भुकेचं एक कारण वेगळंच निघालं, आणि ते आपल्या या धानाच्या जिल्ह्यात सगळ्यांनी वाचावं असं आहे. तिच्या मोबाइलमध्ये दुपारच्या भाताच्या नोंदी मी पाहिल्या. ३०० ग्रॅम भात, १०३५ किलोकॅलरी! ही रांग होती कच्च्या तांदळाची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३४५ किलोकॅलरी असतात, पण शिजताना तो पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो. त्यामुळे १०० ग्रॅम शिजलेल्या भातात जेमतेम १२० ते १३० उरतात. तिने खाल्लेल्या असायच्या चारशेच्या आत. म्हणजे साडेसहाशेचा उपास एका चुकीच्या रांगेमुळे, आणि तोही सलग तीन आठवडे! मोबाइल दुपारी एकलाच सांगायचा, तुमचा कोटा संपत आला. मग बिचारी संध्याकाळी पाणी पिऊन बसायची आणि रात्री अकराला मॅगीची दोन पाकिटं संपवून रडायची. पवनीकडची माझी आजी एकदा रूमवर आली होती. हा सगळा प्रकार बघून ती एवढंच म्हणाली, "काऊन वं पोरी, भात काय सोनं हाये का मोजून खायला?"

मोजू नका असं मी म्हणत नाही. मीही मोजते. पण लॅबमध्ये आपण लीस्ट काउंट विचारतो तसा इथेही विचारावा. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थांना ग्रॅममागे ४, स्निग्धांना ९, हे ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवलेले सरासरी आकडे आहेत. मेसच्या भाजीत तेल एक चमचा की दोन, यानेच शंभरेक किलोकॅलरीचा फरक पडतो. तिथे ११८७ की १२०३ यावरून भांडणं म्हणजे फूटपट्टीने मायक्रॉन मोजणं.

मग पीकला काय द्यायचं? १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकातून सारख्याच, म्हणजे २४० किलोकॅलरी द्यायच्या आणि दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारायचं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं, तर पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा, ३२३! लोण्याने भरलेला क्रॉसाँ सगळ्यात खाली, ४७. त्याच बटाट्याचा तळून समोसा केला की एका समोशात अडीचशेच्या आसपास जातात आणि हात दुसऱ्याकडे वळतो. उकडलेले दोन-तीन बटाटे मीठ-तिखट लावून खाऊन बघा, चौथा जाणार नाही.

आपल्याकडचा खरा हिरो मात्र शिंगाडा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव, ज्यांना आज मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांत ढिवर मंडळी शिंगाडा लावतात. दिवाळीच्या आगेमागे रस्त्याच्या कडेला उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचे ढीग दिसतात. ताज्या गराच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ११५ किलोकॅलरी, तेल शून्य. शिवाय तो सोलायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. आलुबोंडा दोन घासांत संपतो, निरोप वाटेतच! फुटाण्यांत कॅलरी जास्त आहेत, १०० ग्रॅमला ३७०, पण त्यातच २२ ग्रॅम प्रथिनं. ४० ग्रॅमची मूठ दीडशेत बसते. नुसते मुरमुरे डोळ्यांना भरपूर दिसतात, पण तासाभरात पुन्हा भूक. त्यात फुटाणे, कांदा, टोमॅटो टाकले तर चालतं. मुख्य म्हणजे हे दोनशे-अडीचशे सकाळीच हिशोबात लिहून ठेवायचे. संध्याकाळी उरलं तर खाऊ, असं ठेवलं की उरत नाही.

आणि आकडा मुळातच फार खाली असेल तर शिंगाडासुद्धा काही करू शकत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने रोज साधारण १५७० किलोकॅलरीवर ठेवलं होतं. धडधाकट, स्वतःहून आलेली मुलं होती ती. त्यांना दिवसभर जेवणाशिवाय काही सुचेना, ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. आमच्या मजल्यावरच्या काहीजणी त्याहून चारशे खाली आहेत आणि रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघतात! चक्कर येत असेल, पाळी चुकत असेल, किंवा रोज रात्री भसाभसा खाऊन मग रडू येत असेल, तर मोबाइल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. वजन आधीच कमी असेल तर हे मोजणं सुरूच करू नका.

रूममेटने आता भाताची रांग बदलली आहे आणि आकडा १५०० केलाय. सव्वापाचला आम्ही दोघी होस्टेलच्या पायरीवर कागदाच्या पुडीतले शिंगाडे सोलत बसतो, बोटं काळी होतात. डिसेंबर-जानेवारीत शिंगाडा संपला की फुटाणे. सबमिशनच्या आठवड्यात तेही आणायला वेळ मिळत नाही, तेव्हा बॅगेत आदल्या रविवारीच भरून ठेवते.