सुप्याच्या माळावर काय पाहायचे?

चौफुल्याहून मोरगावकडे जाताना वाटेत सुपे लागते. अष्टविनायकाला निघालेली कुटुंबे वर्षभर या रस्त्याने मयूरेश्वराच्या दर्शनाला जातात, आणि त्याच मयूरेश्वराचे नाव मिळालेले अभयारण्य त्यांच्या गाडीच्या काचेतून नुसते सरकून जाते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ७० किलोमीटर. १९९७ साली घोषित झालेल्या या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा आणि बफर धरून १७२७ चौरस किलोमीटर भरते, यावरून सुप्याच्या आकाराची कल्पना यावी. येथे वाघ नाही, धबधबा नाही, घनदाट सावलीही नाही. मुरमाड टेकाडे, कमरेपर्यंतचे गवत, विरळ हिवर-बाभळी, आणि त्या गवतात चिंकारा. मुलाबाळांना घेऊन सुट्टीचा एक दिवस घालवायला अशी जागा का निवडावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. तरीही मला वाटते की दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या कुटुंबाने वन्यजीवांची पहिली ओळख अशा माळावरच करून घ्यावी. माळ म्हणजे रिकामी जागा, ही आपली समजूत माळाच्या जिवावर उठली आहे, आणि एक सकाळ त्या गवतात काढल्याशिवाय ती पुसली जात नाही.

या समजुतीची मुळे सरकारदरबारीही सापडतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत खुरट्या झुडपांचा, गवताळ प्रदेश ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो. पडीक म्हटले की तिथे काहीतरी ‘करायला’ हवे असे वाटू लागते. कारखाना, सौर पॅनेल, फार्महाऊसचे भूखंड, आणि दुर्दैवाने वृक्षारोपणसुद्धा. झाड लावणे हे पुण्यकर्म मानलेल्या समाजाला ते सांगणे अवघड जाते. पण माळावर गिरिपुष्प आणि सुबाभळीच्या रांगा उभ्या राहिल्या की खालचे गवत मरते, आणि गवताबरोबर गवताचे प्राणी-पक्षीही हटतात. हा माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाची उरलीसुरली राख आहे, अशी पुष्कळांची धारणा असते. सगळीकडे तसे नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, बसाल्टावर मातीचा थर वीतभर. अशा जमिनीवर दाट रान उभे राहत नाही, गवत मात्र हजारो वर्षे टिकते. आपल्या गावांची नावेही तेच सांगतात. हिवरे, बाभूळगाव, बोरगाव, खैरगाव: ज्यांनी ही गावे वसवली त्यांच्या डोळ्यांसमोर साग-ऐनाचे अरण्य नव्हते, काट्यांची विरळ झाडे आणि मधे मोकळे रान होते. गावाला नाव देताना माणूस समोर जे ठळक दिसते त्याचेच नाव देतो, म्हणून हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे येऊ. माळावर पोहोचायचे ते सूर्य उगवताना, कारण ऊन चढले की चिंकारा झुडपाच्या सावलीत बसतो आणि मुरमाच्या रंगात मिसळून जातो. हा आपला भारतीय गॅझेल, वजनाने जेमतेम वीस-बावीस किलो. धोका वाटला की पाय आपटतो आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो. पाण्यावाचून तो बरेच दिवस राहू शकतो. पाला आणि दव यांतून त्याची गरज भागते. नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, मादीची बारीक. याच प्रवासाला जोडून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचे रेहेकुरी पाहिले, तर मुलांना एक फरक आपोआप कळतो. तिथल्या काळविटांच्या माद्यांना सहसा शिंगे नसतात, नराची पाठ वयात आल्यावर काळी होते, आणि चिंकारा दोघे-तिघे फिरतात तर काळवीट कळपाने. रेहेकुरी तर अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे, १९८० पासूनचे अभयारण्य. काळविटाची ती लांब, हवेतून तरंगत गेल्यासारखी उडी पाहिली की प्रश्न पडतो, एवढ्या वेगाची गरज कशाला? आजच्या माळावर त्याच्यामागे इतक्या वेगाने धावणारे कोणीच नाही. तो वेग चित्त्यासाठी होता. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. भारतातून चित्ता संपल्याचे १९५२ साली जाहीर झाले. शिकारी गेला, शिकारीच्या पायांतली घाई उरली. उत्क्रांती म्हणजे काय हे दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि जनावर दिसलेच नाही तर? हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि माळ त्याला चांगले उत्तर देतो. सागवानाच्या रानात वाघ दहा हातांवर असूनही दिसत नाही. इथे आडोसाच कमी, म्हणून नजर दूरवर जाते. शिवाय माळावर जनावर नसताना त्याची खूण असते. चिंकाऱ्याच्या नराने आपली जागा राखण्यासाठी एकाच ठिकाणी टाकलेल्या लेंड्यांचा ढीग. वाळून खडूसारखी पांढरी झालेली तरसाची विष्ठा. तरस हाडे चावून खातो आणि हाडांतले कॅल्शियम असे बाहेर पडते. धुळीत लांडग्याचे किंवा खोकडाचे पाऊल. पावसाळा सरताना मुंग्यांच्या बिळांभोवती गवताच्या बियांची टरफले गोल पसरलेली असतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यातच मुंग्या साठवलेले बी पावसानंतर बाहेर काढून उन्हात वाळवताना पाहिल्या आणि तशी नोंद केली. दख्खनच्या एका तुरेवाल्या चंडोलालाही त्याचे नाव आहे. हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी मध्य आशियातून येतात आणि इथले टोळ, उंदीर खाऊन राहतात. मुले कंटाळतात ती दाखवायला काही नसल्याने नव्हे, दाखवणाऱ्यालाच वाचता येत नसल्याने. पिंजऱ्यापुढे पाटी असते, माळावर ती आपल्या डोळ्यांत असावी लागते. म्हणून गावातला मार्गदर्शक सोबत घेणे हा या सहलीतला सर्वांत शहाणपणाचा खर्च.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. एवढ्याशा जागेत माणसांची रीघ लागली तर जनावरांचे काय? टिटवी, धाविक, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी घालतात. फोटोसाठी वाट सोडून गवतात घातलेली एक गाडी किती अंडी चिरडते हे चालवणाऱ्याला कळतही नाही. चिंकाऱ्याचे पाडस धोका दिसताच पळत नाही, गवतात दबून बसते. हौसेने पुढे गेलेले मूल त्याच्यावर पाय देऊ शकते. उरलेले डबे, बिस्किटे फेकली की गावची कुत्री तिथे येऊ लागतात, आणि कुत्र्यांच्या टोळ्या चिंकाऱ्यामागे लागतात, शिवाय लांडग्यांना आजारही देतात. तरीही दरवाजा बंद करावा असे मला वाटत नाही. कुंपणामागचा माळ लोकांच्या नजरेआड जातो, आणि जो माळ कोणी पाहिलेला नाही त्याचा भूखंड झाला तर कोणी हळहळतही नाही. ठरलेल्या वाटा, मोजक्या गाड्या, अंडी-पिल्लांच्या दिवसांत काही भाग बंद आणि डबा अभयारण्याबाहेर, एवढी शिस्त कुटुंबाने आपणहून पाळली तर वनरक्षकाचे निम्मे काम हलके होते.

पाच चौरस किलोमीटरने वाचणार तरी काय, असेही विचारले जाते. एकट्या पाचने काही वाचणार नाही, हे कबूल. लांडग्यांच्या कळपाला ती जागा एका रात्रीच्या फेरीलाही अपुरी आहे. चिंकाराही हद्द ओलांडून भोवतीच्या गायरानात, पडीत, हरभऱ्याच्या शेतात चरतो. पण नुसत्या मोठेपणानेही काम होत नाही, याचा धडा शेजारीच आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगरच्या पट्ट्यात तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, शेतजमिनींच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग साचत गेला. पुढे ते क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. नकाशावरची रेघ आणि तिच्या आतल्या माणसांची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लहान अभयारण्य तर पूर्णपणे दुसरीवरच जगते. भोवतीचे गायरान उघडे राहिले तर सुपे हे जनावरांचे माहेर आहे. ते बांधकामाने भरले तर कोंडवाडा.

म्हणूनच भोवतीच्या शेतकऱ्याला वगळून या सहलीचे कौतुक करणे मला पटत नाही. काळविटांचा कळप रात्रीतून कोवळी ज्वारी खाऊन जातो. भरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा आणि कागदपत्रांत शेतकऱ्याचे दिवस मोडतात. मेंढपाळाच्या वाड्यातून लांडगा कोकरू उचलतो. तरी ‘लांडग्याचाही वाटा असतो’ म्हणणारे धनगर अजून भेटतात. त्यांच्या या सोशिकतेवर शहरातल्या कुटुंबांची सुंदर सकाळ उभी आहे, तेव्हा त्या सकाळीचा काही मोबदला गावात पोहोचलाच पाहिजे. पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये सुरू केलेली गवताळ प्रदेशाची सफारी मला यासाठी मोलाची वाटते. तिथे गावातलेच तरुण पाहुण्यांना घेऊन माळावर जातात. लांडग्याची पाऊलवाट कुठून कुठे जाते, तरसाचे बीळ कोणत्या ओढ्याकाठी आहे, कोणत्या पाणवठ्यावर संध्याकाळी पखुर्ड्या उतरतात, हे त्यांना शेळ्यामेंढ्यांमागे हिंडताना लहानपणीच कळलेले असते.