रंग ऐकवणारा अँटेना

कॅटालोनियात वाढलेले कलावंत नील हार्बिसन जन्मापासून पूर्ण रंगांध आहेत. त्यांना जग फक्त काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांत दिसते. इंग्लंडमधील डार्टिंग्टन कला महाविद्यालयात संगीत शिकताना, २००३ मध्ये, संगणकतज्ज्ञ ॲडम मॉन्टॅडन यांच्या साहाय्याने त्यांनी एक उपकरण घडवले. कॅमेऱ्याने समोरचा रंग टिपायचा आणि त्याच्या प्रकाशलहरींची वारंवारता ऐकू येईल अशा स्वरात उतरवायची, एवढेच त्याचे तत्त्व. लाल रंगाचा स्वर खालचा, जांभळ्याचा वरचा.

सुरुवातीला हेडफोन आणि पाठीवर संगणक असा सगळा संसार वागवावा लागे. पुढे अँटेना थेट कवटीत बसवण्यात आला; वैद्यकीय नीतिसमितीने नकार देऊनही एका डॉक्टरने ही शस्त्रक्रिया केली. आता स्वर हाडाच्या कंपनांतून आतल्या कानापर्यंत पोचतो. बाहेरचे आवाज नेहमीच्या वाटेने येतातच. अवरक्त आणि अतिनील किरणही या अँटेनाला कळतात. ते तर कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा याला निव्वळ उणीव भरून काढणारे साधन म्हणणे अपुरे ठरते. हार्बिसन माणसांच्या चेहऱ्यावरील रंगांचे स्वर जुळवून ‘ध्वनिचित्रे’ करतात.

त्यांच्या सहकारी, नर्तिका मून रिबास यांनी भूकंपाच्या नोंदी कंपनरूपाने पोचवणारे संवेदक शरीरात बसवून घेतले होते. त्या कंपनांवर त्या रंगमंचावर नृत्य करीत. दोघांनी २०१० मध्ये सायबोर्ग फाउंडेशन ही संस्था स्थापन केली.