कुलाब्याची वेधशाळा अलिबागला का गेली?

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. त्याआधीच कुलाब्याच्या वेधशाळेने आपले चुंबकीय काम अलिबागला हलवले होते. वीज आणि चुंबक यांचे नाते समजावून सांगायला मला याहून चांगला धडा माहीत नाही. शाळेच्या पुस्तकात मात्र तो सापडत नाही.

कुलाब्याला चुंबकीय नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे, पण तिचे क्षेत्र स्थिर नसते. ते दिवसभरात किंचित वरखाली होते आणि सूर्य खवळला की चांगलेच हलते. हा फरक टिपण्यासाठी निरीक्षक टांगलेल्या चुंबकाची हालचाल तासातासाला डोळ्यांनी वाचून वहीत मांडत. क्षेत्र अस्वस्थ झाले की त्याहूनही वरचेवर.

सप्टेंबर १८५९ मध्ये या चिकाटीचे चीज झाले. १ तारखेला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर लखलखाट दिसला आणि एका दिवसाच्या आत चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. कुलाब्याच्या वहीत क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले दिसते, म्हणजे एरवीच्या चार टक्क्यांच्या आसपास. त्याच वेळी अमेरिकेत तारायंत्राच्या काही तारा बॅटरी काढून ठेवल्यावरही संदेश वाहत होत्या. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले होते. इथे तोच प्रयोग सूर्याने केला. २००३ मध्ये कुलाब्याच्या या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या आणि त्या वादळाची तीव्रता जगाला आकड्यांत कळली.

ट्रामचा प्रश्न याच्या उलट बाजूचा. वाहत्या विजेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये तारेजवळच्या होकायंत्राच्या सुईवरून ओळखले होते. ट्रामची वीज वरच्या तारेतून येई आणि रुळांतून परत जाई. त्यातली काही जमिनीत झिरपे. गाडी सुटली, थांबली की प्रवाह बदलणार, आणि त्याबरोबर वेधशाळेचा चुंबकही हलणार. मग सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता, हे कसे ओळखायचे?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा धरली. तिथली इमारत चुंबकाला ओढ लागणार नाही अशा साहित्याची बांधली. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा पुढच्या निर्णयात आहे. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जागेमुळे पडणारा फरक मोजता आला आणि १८४० च्या दशकापासूनची मालिका तुटली नाही. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. १९७१ पासून ते काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.