लहरी कुणाच्या? लष्कराच्या, कंपन्यांच्या की जनतेच्या?

आमच्या वस्त्यांमध्ये तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी फौजी गणवेशातला एखादा फोटो हमखास दिसतो. कुणाचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, कुणाचा मुलगा आज सिग्नल्समध्ये आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांनी ब्रिटिश सरकारकडे केलेला पाठपुरावा होता, हे आमच्या पोराबाळांना पाठ आहे. पण त्या जवानाच्या पाठीवरचा वायरलेस सेट कोणत्या लहरींवर बोलतो, त्या लहरी त्याला कोण देतो आणि कोण काढून घेतो, हा प्रश्न आमच्या व्यासपीठांवर कुणी विचारल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. स्पेक्ट्रम म्हटले की टू-जी आठवते, घोटाळा आठवतो आणि आम्ही पान उलटतो. आज वाचकांनी पान उलटू नये, एवढीच विनंती.

जयंतीच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या गाड्या एकाच चौकात शेजारी उभ्या राहिल्या, तर काय होते? दोन्हीकडचे भोंगे जोरात, आणि गाणे एकाचेही कळत नाही. रेडिओलहरींचे असेच आहे. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे बोलू लागले की दोघांचेही बोलणे फुकट. म्हणून कुणी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे हे आधी ठरवावे लागते. ही संपत्ती कोळशासारखी किंवा लोखंडासारखी नाही. कोळसा काढला की खाण रिती होते. लहरी आज वापरल्या तरी उद्या तेवढ्याच शिल्लक राहतात. पण आज वापरल्या नाहीत, तर आजचा दिवस गेला तो गेलाच. पट्टा अडवून बसले म्हणून बचत होत नाही. हे समजले की पुढचा सगळा वाद समजतो.

लष्कराची गरज एका पट्ट्याने भागत नाही. डोंगररांगा ओलांडून दूरवर निरोप पाठवायचा तर ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी उपयोगी पडतात. जवानाच्या पाठीवरचे आणि रणगाड्यातले सेट साधारण ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. विमानांचे संभाषण त्याच्या वर चालते, आणि रडार तर हजारो मेगाहर्ट्झच्या घरात. शिवाय शत्रू गप्प बसलेला नसतो. तो ऐकतो, आणि गोंगाट सोडून आपले बोलणे बंदही पाडतो. म्हणून सैन्याला हातात जादा फ्रिक्वेन्सी ठेवाव्या लागतात. एका ठिकाणी गोंगाट झाला की दुसरीकडे उडी मारता आली पाहिजे. निवृत्त फौजी बांधवांना विचारा, ते हे आमच्यापेक्षा चांगले सांगतील. तेव्हा ‘लष्कराने लहरी दाबून ठेवल्या’ असा कंठशोष कंपन्या करतात, तो जसाच्या तसा स्वीकारायला आम्ही तयार नाही.

आणि धोका फक्त शत्रूकडूनच असतो असेही नाही. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश युद्धनौका अर्जेंटिनाच्या एक्झोसेट क्षेपणास्त्राला बळी पडली. २० खलाशी गेले. शत्रूच्या रडारची चाहूल देणारे यंत्र त्या जहाजावर होते. पण त्याच वेळी जहाजाचे उपग्रह-संभाषण चालू होते आणि त्या प्रक्षेपणामुळे ते यंत्र बहिरे झाले होते. चुका इतरही झाल्या, चौकशीत त्या निघाल्या. पण आपल्याच एका यंत्राने आपल्याच दुसऱ्या यंत्राचे कान झाकले, हे त्यातले एक कारण होते. फ्रिक्वेन्सीचे नियोजन म्हणजे कारकुनी काम नव्हे, ते असे माणसांच्या जिवाशी बांधलेले आहे. आणि सीमेवर उभा असलेला तो जीव बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातला असतो.

आता आपल्या देशाकडे वळू. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा ब्रिटिशांनी केला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली दूरसंचार खात्यात लहरींचे वाटप पाहणारी स्वतंत्र शाखा आली. कोणता पट्टा कशासाठी, याचा राष्ट्रीय आराखडा तीच तयार करते. त्या काळात लहरी मागणारे होते किती? लष्कर, पोलीस, रेल्वे, आकाशवाणी. मोठमोठे पट्टे लष्कराकडे गेले आणि कुणाची हरकत आली नाही, कारण रांगेत दुसरे कुणी नव्हतेच. १९९५ साली देशात मोबाइल आला आणि रांग लागली. मोबाइलला सोयीच्या १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या आसपास लष्कराची यंत्रे आधीपासून बसलेली होती.

इथून खरी गोष्ट सुरू होते. मे २००९ मध्ये दूरसंचार खाते आणि संरक्षण मंत्रालय यांच्यात करार झाला. सैन्याने टप्प्याटप्प्याने ४५ मेगाहर्ट्झ रिकामे करायचे; त्याच्या मोबदल्यात सरकारने तिन्ही दलांसाठी जमिनीखालून ऑप्टिकल फायबरचे स्वतंत्र जाळे बांधून द्यायचे. हे काम बीएसएनएलकडे आले. हवाई दलाचे जाळे आधी झाले, १४ सप्टेंबर २०१० रोजी ते राष्ट्राला अर्पण केले गेले. भूदल आणि नौदलाचे मात्र रेंगाळले. जुलै २०१२ मध्ये या प्रकल्पाचा खर्च १३,३३४ कोटी रुपये ठरला होता. मे २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने त्यात आणखी ११,३३० कोटींची भर घातली. एकूण २४,६६४ कोटी. जवळपास ६० हजार किलोमीटर फायबर. दरम्यान २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत थ्री-जीचा लिलाव ३४ दिवस चालला आणि सरकारच्या तिजोरीत सुमारे ६७,७१९ कोटी आले.

हिशेब फायद्याचा दिसतो. फायद्याचा आहेही. पण हिशेबाच्या वहीत एक ओळ कुणी लिहीत नाही. छावणी ते छावणी जाणारे संभाषण फायबरवर नेता येते, त्यात सैन्याचे नुकसान नाही. उलट शत्रूला ते हवेतून ऐकता येत नाही. पण धावत्या रणगाड्यामागे केबल ओढत नेता येत नाही. पुढच्या चौकीवरच्या तुकडीला, जहाजाला, विमानाला लहरीच लागतात. म्हणजे ‘लष्कराने लहरी सोडाव्यात’ हे वाक्यच अपुरे आहे. स्थिर कामाच्या सोडाव्यात, फिरत्या कामाच्या सोडू नयेत, असे म्हणायला हवे. सैन्यालाही हे नको असावे असे नाही. पर्यायी जाळे पुरे झाल्याशिवाय जुने सोडायला कोणता सेनाधिकारी तयार होईल? जाळे रेंगाळले की लहरी अडकतात, लहरी अडकल्या की लिलावात माल कमी आणि भाव जास्त, आणि तो भाव शेवटी रिचार्ज मारणाऱ्या आमच्या पोराच्या खिशातून जातो.

जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने सैन्यासाठी वेगळा ‘संरक्षण पट्टा’ आणि आंतरराष्ट्रीय सीमेपासून आत १०० किलोमीटरपर्यंत ‘संरक्षण हितक्षेत्र’ मान्य केले. २१०० च्या पट्ट्यात १५ मेगाहर्ट्झची अदलाबदलही झाली. हे पाऊल योग्यच होते, कारण त्यामुळे सैन्याचे काय आणि इतरांचे काय याची रेघ प्रथमच ठळक झाली. टू-जीच्या बातम्यांवर वर्षानुवर्षे रकाने भरणाऱ्या प्रस्थापित वृत्तपत्रांनी या रेघेवर किती लिहिले? १ लाख ७६ हजार कोटींचा संभाव्य तोटा तोंडपाठ करून घेतला गेला. खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावरचे अपील सुनावणीस घेतले. तो विषय न्यायालयाचा. आमचा मुद्दा एवढाच की ज्या लहरींवरून एवढे रण माजले, त्यांतल्या कितीतरी सैनिकांनी रिकाम्या करून दिल्या होत्या, हे वाचकाला कुणी सांगितलेच नाही.

आता दुसरे चित्र पाहा. आजच्या तेलंगणातले, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातले झहीराबादजवळचे माचनूर गाव. तिथल्या दलित स्त्रिया, शेतात राबणाऱ्या, एकरभर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या. त्यांच्या संघमांनी रेडिओ चालवायचे ठरवले. १९९८ साली युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभा राहिला. यंत्रे आली, बायका शिकल्या, कार्यक्रम तयार होऊ लागले. बियाणे, बाजरी-ज्वारी, गाणी, दुखणी-खुपणी. पण हवेत सोडायची परवानगी नव्हती. कॅसेट भरायच्या आणि गावोगावच्या बैठकीत टेपवर वाजवायच्या. दहा वर्षे! १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ प्रथम हवेत आला. दलित स्त्रियांनी चालवलेले देशातले हे पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र.

हा उशीर लष्करामुळे झाला असे आम्ही म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. २००६ पर्यंत सरकारचे धोरणच असे होते की सामुदायिक रेडिओ फक्त शिक्षणसंस्थांना मिळे. गावातल्या संघटनेला नाही. पण २००६ च्या धोरणाने दार उघडले तेव्हाही दारात गृह मंत्रालयाची आणि संरक्षण मंत्रालयाची संमती उभी होती. आणि मागणी किती, तर १०० वॅट. १५-२० किलोमीटरवर आवाज विरून जातो. एफएम रेडिओ ८८ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि सैन्याचे पाठीवरचे सेट ८८ ला संपतात, तेव्हा शेजारधर्म म्हणून तपासणी व्हावी, यात वाद नाही. तपासणी करणारा अभियंता दोन दिवसांत सांगेल, अडचण आहे की नाही. पण आमच्या बायांच्या अर्जावर ‘सुरक्षा’ हा शब्द तांत्रिक नसतो, तो संशयाचा असतो. कंपन्यांना लहरी हव्या होत्या तेव्हा त्याच सुरक्षेसाठी २४ हजार कोटींचा मार्ग काढला गेला. सैन्य हलू शकते, हे त्या करारानेच सिद्ध केले.

कायदा मात्र आमच्या बाजूने आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते; आमच्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, संघसूचीच्या ३१ व्या नोंदीत, बिनतारी संदेशवहन केंद्राकडे दिले आहे, आणि ३९ (ब) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे असा निर्देश आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगी मालमत्तेबाबत ३९ (ब) चा अर्थ आक्रसला, पण लहरींसारखी मर्यादित साधने त्यात येतात असेच म्हटले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही स्पेक्ट्रमचे मालक केंद्र सरकार असून ते जनतेच्या वतीने मालक आहे, असे शब्द आहेत. त्याच कायद्याने संरक्षणासाठी लिलावाविना लहरी देण्याची सोय ठेवली आहे. ठेवलीच पाहिजे, सैन्याने सीमेवर बोलण्यासाठी बोली लावायची काय?

पण ज्याच्या वतीने मालकी आहे, त्याला हिशेब कोण देणार? कोणती तुकडी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलते हे आम्हाला नको. ते विचारणे मूर्खपणाचे आहे. सैन्याकडे एकूण किती मेगाहर्ट्झ आहेत, त्यातले किती कोणत्या प्रदेशात वर्षभर निजून असतात, फायबरवर गेलेल्या कामाचे पट्टे परत आले का, हे सांगितल्याने शत्रूच्या हाती काय लागते? अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा नौदलाच्या रडारचा. तिथे किनाऱ्यावर लहरी ओळखणारी यंत्रे बसवली. रडार सुरू झाल्याची चाहूल लागली की नागरी वापरकर्त्याने दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सरकायचे, जहाज गेले की परत यायचे. जानेवारी २०२० पासून तिथे ही व्यवस्था व्यापारी पातळीवर सुरू झाली. अमेरिका साधूंचा देश नव्हे, पण नौदल आणि नागरिक एका पट्ट्यात राहू शकतात हे त्यांनी करून दाखवले. आपल्याकडे नागपूर, सोलापूर, मेदक हे सीमेपासून शेकडो किलोमीटर आत आहेत.

सैन्याच्या बाबतीत प्रश्न विचारला की देशद्रोहाचा शिक्का मारायची फॅशन आहे. अशांनी १० ऑक्टोबर १९५१ चे बाबासाहेबांचे निवेदन काढून वाचावे. कायदामंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी स्पष्ट विचारले होते की वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर का जातात. महार रेजिमेंटसाठी झगडलेल्याच माणसाने हा हिशेब मागितला होता.

माचनूरच्या बायांचा रेडिओ ९०.४ वर लागतो. सैन्याच्या शेवटच्या फ्रिक्वेन्सीपासून अडीच मेगाहर्ट्झही दूर नाही, आणि २००८ पासून त्यांच्यामुळे कुठला रणगाडा अडला, हे संरक्षण मंत्रालयाने एकदा सांगावे.