सॉफ्टबॉल शाळेत कशासाठी?

शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक आले की वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत प्रवेशिका भरण्याची घाई उडते. कबड्डी, खो-खो, क्रिकेट या ओळखीच्या खेळांबरोबर यादीत सॉफ्टबॉलही असतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट, मुलांचे आणि मुलींचे संघ वेगळे. ग्रामीण महाराष्ट्रात अशा वेळी सर्रास दिसणारी रीत अशी, की क्रीडाशिक्षक खो-खोतली चपळ आणि क्रिकेटमध्ये हात बसलेली मुले गोळा करतात, आठ-दहा दिवस नियम समजावतात आणि संघ जिल्हास्तरावर उतरवतात. जिंकला तर विभागाला जायचे, हरला तर बॅट आणि ग्लोव्ह पुढच्या पावसाळ्यापर्यंत कपाटात. यात कोणाची लबाडी नाही. ज्या शिक्षकाकडे शारीरिक शिक्षणाबरोबर आणखी दोन विषयांचे तास आणि शालेय पोषण आहाराची नोंदवही आहे, त्याने यापेक्षा जास्त काय करावे, हा प्रश्न रास्तच आहे. पण हा खेळ आपण शाळेत कशासाठी ठेवला आहे, याचे उत्तर कोणीच ठरवलेले नसते. आणि असे उत्तर ठरवले नाही की ते आपोआप ठरते: प्रमाणपत्रासाठी.

प्रमाणपत्राला नाक मुरडण्याचे कारण नाही. राज्यात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सोयाबीन आणि तुरीच्या भावावर ज्यांच्या घरचे वर्ष ठरते, त्या आईबापांना यात आशा दिसणे स्वाभाविक आहे. नीती आयोगाने २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत वाशिमचे नाव होते. इथे नोकरीच्या एका संधीचे मोल पुण्या-मुंबईच्या मापाने मोजता येत नाही. तरीही थोडा हिशेब करावा. अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम. शिवाय अमरावती आणि अकोला या महानगरपालिकांचे संघ वेगळे. म्हणजे एका वयोगटात सात संघ विभागाला भिडतात आणि त्यांतला एकच राज्यस्तरावर जातो. त्याआधी जिल्हास्तरावरच बाकीच्या सगळ्या शाळा गळालेल्या असतात. तेव्हा सॉफ्टबॉलची बॅट हाती घेणाऱ्या बहुसंख्य मुलांना नोकरीच्या कामी येईल असे प्रमाणपत्र मिळणार नाही, हे स्पर्धेच्या रचनेतच ठरलेले आहे. मुले कितीही घाम गाळोत. ज्या उद्दिष्टात बहुतेकांचे अपयश आधीच लिहिलेले आहे, ते शाळेचे उद्दिष्ट होऊ शकत नाही. फार तर ते दोघा-तिघांच्या वाट्याला आलेले चांगले फळ असेल. आणि फळालाच मूळ समजले की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे: खेळाडूंच्या आरक्षणासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे दाखल झाल्याची प्रकरणे राज्यात गाजली आणि खऱ्या खेळाडूंनाही पडताळणीच्या रांगेत संशयित म्हणून उभे राहावे लागले.

मग उद्दिष्ट काय असावे? ते बाहेरून आणण्याची गरज नाही, खेळाच्या नियमांतच ते बरेचसे सापडते. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोतल्या फॅरागट बोट क्लबच्या बंद दालनात झाला. जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थाने हिवाळ्यात खेळता येईल असा बेसबॉलचा छोटा अवतार जुळवला. मैदान लहान, चार बेसचा चौकोन, दोन बेसमधले अंतर ६० फूट, नऊ खेळाडू, सात इनिंग. पिचर चेंडू खांद्यावरून न टाकता हात खालून फिरवून टाकतो. मोठ्या महिलांच्या सामन्यात पिचरपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ४३ फूट असते आणि चांगल्या पिचरचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात कापतो. पण शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते दुसरेच नियम. फलंदाजीचा क्रम ठरलेला असतो आणि तो फिरत राहतो; तीन खेळाडू बाद झाले की इनिंग संपते आणि पुढच्या इनिंगला जिच्यापाशी क्रम थांबला तिच्यानंतरची मुलगी येते. क्रिकेटमध्ये पहिले दोघेच सामना संपवून परततात आणि बाकीचे पॅड बांधून बसून राहतात, तसे इथे होत नाही. संघातली सर्वांत कच्ची फलंदाजही मोक्याच्या क्षणी होम प्लेटवर येणारच, म्हणून तिला शिकवल्यावाचून गत्यंतर नसते. दुसरा नियम त्याहून बोलका आहे. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातल्या खेळाडूला बाहेर काढून एकदा पुन्हा आत घेता येते. म्हणजे प्रशिक्षकाने राखीव मुलीला दोन इनिंग खेळवल्या म्हणून मुख्य खेळाडू गमावली असे होत नाही. राखीव खेळाडूंना पाणी आणायला ठेवण्याची सबब या खेळाने काढून घेतली आहे.

त्यातच सॅक्रिफाइस बंट येतो. पुढच्या बेसवर साथीदार पोहोचावी म्हणून फलंदाज चेंडू हलकेच समोर ढकलते आणि स्वतः बाद होते. धावफलकात तिच्या नावे धाव नसते, पण गुणपत्रकात त्या त्यागाची वेगळी नोंद होते. क्षेत्ररक्षकाची चूकही नावानिशी लिहिली जाते, ती लिहून झाली की पुढचा चेंडू पडतो. आणि दहा वेळा फलंदाजीला येऊन तीनदा यशस्वी होणारा खेळाडू या खेळात चांगला मानला जातो. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर एका लाल रेघेने घर हादरून जाते अशा आपल्या व्यवस्थेत, दहातल्या सात वेळा चुकूनही मान ताठ ठेवायला शिकवणारी जागा मुलांना दुसरी कुठे मिळते? वर्गात तर नाहीच. शालेय सॉफ्टबॉलचे तत्त्वज्ञान म्हणून काही सांगायचे तर ते एवढेच: प्रत्येकाची पाळी येते, चूक लपत नाही, चुकीने कोणी कायमचा बाहेर जात नाही.

अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये हे उद्दिष्ट कागदावर लिहून हंगामाच्या सुरुवातीला पालकांपुढे ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे. खालच्या संघांत शिकणे आणि खेळायला मिळणे पहिले, वरच्या संघात जिंकण्याला प्राधान्य, अभ्यास आणि वर्तणुकीच्या अटी कोणत्या, वेळ कोणाला किती मिळेल, हे सगळे आधी सांगितलेले असते. तिथे आज साडेतीन लाखांच्या आसपास मुली शाळेच्या संघांतून सॉफ्टबॉल खेळतात. याचे श्रेय कागदाला नाही, कायद्याला आहे: १९७२च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला मनाई केली आणि मुलींच्या खेळांना मैदान, प्रशिक्षक, पैसा द्यावाच लागला. आपल्याकडे तसा कायदा नाही आणि त्यांच्याएवढा पैसाही नाही. पण आधी ठरवून, लिहून, सांगून टाकण्याला पैसा लागत नाही.

मुलींचा मुद्दा वाशिमसाठी तर कळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. तिच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले यात कमी पडत होती, आणि मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. आठवी-नववीत मुलगी मैदानावरून गायब होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शाळेच्या पटांगणावर उभे राहिले की दिसते. कारणे आळसाची नाहीत. पाळी, कपडे, शौचालयाची सोय, घरचे काम, सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आणि परतीची बस. खेड्यातून शाळेला बसने येणारी मुलगी शाळा सुटल्यावर सरावाला थांबली तर शेवटची गाडी चुकते, आणि एकदा गाडी चुकली की घरून खेळ बंद होतो. म्हणून मुलींच्या सॉफ्टबॉलचे पहिले उद्दिष्ट जिल्हा अजिंक्यपद असू नये. सराव शाळेच्या वेळेत, वेळापत्रकातल्या तासिकेला होईल आणि आठवीत आलेली मुलगी दहावीपर्यंत टिकेल, हे असावे. एखाद्या शाळेच्या आठवीतल्या बारा मुलींपैकी दहा मुली दहावीतही खेळत असतील, तर ती शाळा विभागाला न जाताही यशस्वी म्हणावी. उलट ढाल जिंकून आणलेल्या संघातल्या मुली पुढच्या वर्षी एकही उरल्या नाहीत, तर त्या ढालीचे कौतुक जरा बेताने करावे.

यावर खेळ जाणणारे लगेच म्हणतील, की जिंकण्याची ईर्ष्या काढून घेतली तर खेळ उरतो का? सगळ्यांना समान संधी देत बसले तर गुणी खेळाडूचे नुकसान होते. आक्षेप खरा आहे, आणि जिंकणे बिनमहत्त्वाचे आहे असे इथे म्हणायचेही नाही. गुण मोजायचेच नसतील तर खेळू नये. प्रश्न केव्हा आणि कोणाच्या जिवावर जिंकायचे हा आहे. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि सलग तीन सुवर्णपदके घेतलेल्या अमेरिकेला अंतिम सामन्यात ३-१ने हरवले. पराक्रमच तो. पण ती २६ वर्षांची, तयारीची, स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी खेळाडू होती. चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला तोच न्याय लावणे म्हणजे शाळेच्या फलकावरच्या एका ओळीसाठी तिचा खांदा गहाण टाकणे. संघात एकच चांगली पिचर आहे म्हणून तिलाच प्रत्येक सामना टाकायला लावतात, तेव्हा दुसरी पिचर कधी तयारच होत नाही, आणि पहिली दुखापतीने बसली की संघ संपतो. तीन पिचर तयार करणारी शाळा या वर्षी कदाचित हरेल, पण पुढची तीन वर्षे ती टिकेल. उएनोही टिकली: ऑलिम्पिकमधून मधल्या काळात वगळलेला हा खेळ टोकियोत परतला, तेव्हा २०२१च्या अंतिम सामन्यात ३९व्या वर्षी तिने पुन्हा सुवर्ण मिळवले.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. खो-खो, कबड्डी असताना हा अमेरिकी खेळ कशाला? विदर्भात तरी हा आक्षेप फारसा टिकत नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. त्याच्या चमूने १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, आणि त्याच मंडळाच्या आवारात परदेशी खेळांनाही जागा मिळाली. खो-खोतला सूर मारण्याचा, दिशा बदलण्याचा सराव सॉफ्टबॉलमध्ये बेसवर घसरताना थेट कामी येतो. एका खेळाने दुसऱ्याचे पोर पळवायचे नसते. लहान वयात एकाच खेळाला जुंपू नये, असे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनीही २०१५ साली सांगितले आहे.

उरला पैशाचा आणि जागेचा प्रश्न. तो खरा आहे, त्याला गोड बोलून बगल देता येणार नाही. काळ्या मातीचे पटांगण जुलै ते सप्टेंबर चिखल होते आणि स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास सुरू होतात. मुरूम टाकून चार बेसांपुरता चौकोन पक्का करणे हे ग्रामपंचायतीच्या आणि संस्थेच्या आवाक्यातले काम आहे. क्रिकेटच्या मैदानापेक्षा ते कितीतरी लहान. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचे साहित्य २००९ पासून लिहिलेले आहे, तेव्हा ही मागणी चैनीची नाही. ग्लोव्ह हळूहळू जमवता येतील, बॅट दोन असल्या तरी भागते, सुरुवातीला चेंडू उंच खुंटीवर ठेवून मारायला शिकवता येते. काटकसर कॅचरच्या मास्क, छातीच्या आणि पायांच्या पॅडवर मात्र करू नये, फलंदाजाच्या हेल्मेटवरही नाही. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि वजनाने जास्त असतो, लागला तर दात जातो. हे साहित्य नसेल तर शाळेने सामना खेळू नये, एवढे स्पष्ट सांगायला हवे. दहावीच्या अभ्यासाचे म्हणाल, तर आठवड्यातून तीन दिवसांच्या तासाभराच्या सरावाने कोणाचे वर्ष बुडाले नाही. बुडते ते स्पर्धेआधीच्या आठ-दहा दिवसांत सगळे तास सोडून मैदानावर बसवल्याने.

तेव्हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना विनंती एकच. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. पहिल्याच पालकसभेत सॉफ्टबॉलसाठी एक पान वाचून दाखवा. सराव कोणत्या तासाला, राखीव खेळाडूला किमान किती इनिंग, एका पिचरला एका दिवशी किती चेंडू, मुलगी दुखणे किंवा पाळी कोणाला सांगेल, आणि गेल्या वर्षी खेळणाऱ्यांपैकी यंदा किती उरल्या. शेवटचा आकडा दरवर्षी शाळेच्या फलकावर लिहा, ढाली आणि चषकांच्या नोंदीच्या वर.