उपासनेत सर्वांचा सूर

मंडळी, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आपल्या जालना जिल्ह्यातले. समर्थांच्या आरत्या आपण घरोघर म्हणतो. आरतीला कुणी कुणाचा गळा पाहत नाही. आजीचा सूर हलतो, पोराची टाळी चुकते, तरी चालते. चालत नाही ते एवढेच, की आरतीला उभे राहायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. ही गोष्ट मनात धरा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतील सामुदायिक गायनाचे मर्म सहज ध्यानात येईल.

ख्रिस्ती लोक उपासनेला जमणाऱ्या समाजालाही ‘मंडळी’च म्हणतात. शास्त्रवाचन एकजण करतो, उपदेश पाळक करतो, बाकीचे ऐकतात. पण गीत सुरू झाले की ऐकणारा कुणी उरत नाही. सगळेच बोलणारे होतात.

ही रीत जुनी आहे. बायबलात १५० स्तोत्रांचा स्वतंत्र ग्रंथच आहे. पकडले जाण्यापूर्वी, अखेरच्या भोजनानंतर, येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊनच बाहेर पडले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. पुढे युरोपात उपासना लॅटिन भाषेत गेली आणि गाणे बहुतांशी धर्मगुरूंकडे व गायकवृंदाकडे राहिले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने लोकांच्या जर्मन भाषेत गीते रचली. १५२४ साली तशी गीतपुस्तके छापून निघाली आणि गाणे पुन्हा लोकांच्या तोंडी आले.

पण ज्याला वाचता येत नाही, त्याने काय करायचे? १६४५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या उपासनाविधीत यावर साधी तोड दिली आहे: एकाने ओळ वाचावी, मग सर्वांनी ती गावी. स्कॉटलंडमध्ये ही रीत चांगली रुजली. तिथल्या फ्री चर्चमध्ये गाणे वाद्यावाचूनच चाले. ऑर्गनला मुभा मिळाली ती १८८३ साली.

आता स्कॉटलंडहून थेट जालन्याला येऊ. याच फ्री चर्चचे मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वसाहतीसाठी जमीन मिळाली निजामाच्या राज्यात, सर सालारजंग दिवाण असताना. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. शेषाद्रींच्या कामातून ख्रिस्ती झालेल्यांत मातंग समाजाची माणसे पुष्कळ होती. हलगी आणि सनई ही या समाजाची पिढीजात विद्या. देवाच्या मिरवणुकीपुढे त्यांचे वाद्य हवे असे. पण देवळात त्यांना पाऊल ठेवता येत नसे. अशा माणसाने देवाच्या घरात सर्वांबरोबर उभे राहून तोंड उघडायचे, याचा अर्थ आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसांना फोड करून सांगायला नको.

पण गायचे तर चाल कोणती? इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर बसवली, की ओढाताण होते. इंग्रजी शब्द आघातावर चालतो, मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घावर. त्यामुळे नेमका ऱ्हस्व स्वर ताणला जातो, दीर्घ आखडतो आणि ओळखीचा शब्दही परका वाटू लागतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही नड फार आधी ओळखली होती. १६१६ साली छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे.

हे काम पुढे मनापासून केले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग, पदे, भजने लिहिली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या पुस्तकात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. अभंगाचे चरण छोटे, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारे. पुढच्याने म्हणायचे, मागच्यांनी झेलायचे. दिंडीत चालते तेच हे. स्कॉटलंडच्या खेड्यातली तोड आणि वारकऱ्याची रीत इथे एकमेकींना भेटतात. पुस्तक हाती नसलेला शेतमजूरही दोन-चार रविवारांत गीत पाठ करतो. आणि पाठ झालेले गीत शेतात, आजारपणात, मयताच्या घरी त्याच्या सोबत राहते.

आज पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपक आला, वाद्यवृंद आला. त्यात वाईट काही नाही. पण चार गोड गळे पुढे गातात आणि मागचे शंभर नुसते ऐकतात, तेव्हा उपासनेचा कार्यक्रम होतो. गायकवृंदाचे काम मंडळीला सूर देण्याचे आहे, तिच्या वतीने गाण्याचे नव्हे.

गुरुजनहो, हे आपल्या शाळेतल्या प्रार्थनेलाही लागू आहे. पट्टी उंच धरू नका. मोठ्या मुलांचे गळे तिथे पोचत नाहीत. ओळ सांगा, थांबा, मुलांना म्हणू द्या. ज्याचा सूर लागत नाही त्याला गप्प बसवू नका. एकदा गप्प बसवलेले मूल पुढे जन्मभर मागेच उभे राहते. गोडी मागून येईल. आधी तोंड उघडू द्या.