बाई, एक पत्र हवं होतं!

कॉलेज-प्रवेशाचे दिवस आले की आम्हा चिंचपाड्याच्या बायकांच्या हाती एक प्लॅस्टिकची पिशवी दिसते. तीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स! नवापूरच्या फेऱ्या घालून आपण ही पिशवी भरतो. पण अलीकडे तीत एक नवा कागद लागू लागला आहे, आणि तो कुठल्याही सेतू केंद्रात मिळत नाही. तो म्हणजे शिक्षकांचं शिफारसपत्र.

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत प्रवेश गुणांवरच होतो, तिथं याची गरज नाही. पण काही खाजगी विद्यापीठं आणि परदेशी विद्यापीठं हे पत्र मागतात. मुलीचे गुण त्यांना गुणपत्रिकेत दिसतातच. मुलगी कशी आहे, हे मात्र तिला शिकवणाऱ्याकडून ऐकायचं असतं.

आता माझीच चूक सांगते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ओटा आवरत होते, तोच माझी जुनी विद्यार्थिनी दारात उभी. आता बारावीत आहे. बाहेरगावच्या एका विद्यापीठाला दोन पत्रं हवी होती. एक ज्युनिअर कॉलेजच्या सरांनी दिलं होतं, दुसरं माझ्याकडं मागायला आली होती. मी घाईत होते. म्हटलं, "तूच लिहून आण गं, मी सही करते."

दुसऱ्या दिवशी ती टाइप केलेला कागद घेऊन आली. पेन उघडलं, आणि सहज नजर टाकली तर काय! ही म्हणे शाळेच्या वादविवाद मंडळाची अध्यक्षा होती. आमच्या शाळेत असं मंडळ कधी नव्हतंच! कुठून तरी उतरवून घेतलेलं पत्र होतं ते. मी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "बाई, माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतंच."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला फार लागलं. हीच मुलगी मधल्या सुट्टीत पाचवीच्या नव्या मुलींना घेऊन बसायची. त्या घरी मावची बोलणाऱ्या, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. ही त्यांना धडा मावचीतून समजावायची आणि मग मराठीतून म्हणून घ्यायची. एकदा फळ्यावरचं माझं साल चुकलं, तर तास संपल्यावर एकटी येऊन तिनं हळूच सांगितलं. हे सगळं मी पाहिलं होतं, आणि तिला वाटत होतं की लिहिण्यासारखं काही नाही! रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्वतः पत्र लिहायला बसले.

शिक्षकाच्या शब्दाची किंमत आपल्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी चर्नी रोडच्या बागेत एका मुलाला रोज वाचत बसलेला पाहिला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली महाराजांच्याच मदतीनं आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. 1920 साली ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. दोघांनीही शब्द टाकला तो स्वतः पारखलेल्या विद्यार्थ्यासाठी.

तेव्हा घरात अर्ज भरायचा असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

पत्र कोणाला मागावं? जे शिक्षक मुलीला खरोखर ओळखतात त्यांना. पुढाऱ्याचं किंवा नुसतं नाव माहीत असलेल्या मोठ्या माणसाचं पत्र उपयोगी नाही. नातेवाइकाचं तर नकोच.

कधी मागावं? निदान महिनाभर आधी. परदेशी विद्यापीठांच्या बऱ्याच मुदती नोव्हेंबर ते जानेवारीत येतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच विचारलेलं बरं. आणि मुलीनं स्वतः जाऊन विचारावं.

सोबत काय द्यावं? एका पानाचं टिपण. अभ्यासक्रम कोणता, शेवटची तारीख कोणती, वर्गात काय काय केलं. इथं आईची मदत मोठी. एखाद्या वर्षी गुण घसरले ते घरातल्या आजारपणामुळे की शेतीच्या कामामुळे, हे आपल्यालाच ठाऊक. इंग्लंडच्या सामाईक अर्जात तर शिक्षकांना अशा अडचणी लिहायला वेगळी जागाच असते. मात्र घरातलं सांगण्यापूर्वी मुलीला विचारा.

पत्र जातं कसं? पुष्कळदा विद्यापीठ शिक्षकांना ई-मेल पाठवतं आणि ते परस्पर उत्तर देतात. तेव्हा पत्ता अचूक द्या, आणि आठवड्यानं नम्रपणे आठवण करा. "काय लिहिलंत ते दाखवा" असा हट्ट नको. शिक्षकांना इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर मराठीत लिहून त्याचं भाषांतर करून घेता येतं का, हे विद्यापीठाला आधी विचारून घ्या. पण "तुम्हीच लिहा, मी सही करतो" याला मात्र नाही म्हणा. खोटं पत्र उघडकीस आलं तर मुलीचं नुकसान आणि शिक्षकांचीही नाचक्की.

आमचं पत्र गेलं. चार दिवसांनी तिची आई घरची तूरडाळ घेऊन आली. आमच्या नवापूर भागाची डाळ, मोह तर झालाच! पण पत्राच्या बदल्यात काही घ्यायचं नसतं. डाळ परत दिली आणि तिच्या लेकीनं काय काय केलंय ते पत्रातलं सगळं तिला सांगितलं. पदराला डोळे पुसत ती म्हणाली, "हे आम्हाला घरी कधी कळलंच नाही, बाई."